लग्नघरात समजून घेऊ प्रोग्रॅमिंग

घरातलं मूल कॉम्प्युटर शिकू लागलं की ‘स्ट्रक्चर्ड’ आणि ‘ऑब्जेक्ट ओरिएंटेड’ हे दोन शब्द कानावर पडतातच. ते समजायला कॉम्प्युटर यायलाच हवा असं नाही. घरात एखादं लग्नकार्य पार पाडलं असेल तर तेवढा अनुभव पुरे.

आधी शिस्त आली

सुरुवातीच्या काळात प्रोग्रॅममध्ये ‘गो टू’ ही आज्ञा सर्रास वापरत. इथून उडी मारून त्या ओळीवर जा, तिथून आणखी कुठे! मोठा प्रोग्रॅम असेल तर गुंता व्हायचा आणि चूक सापडता सापडायची नाही. 1968 साली डच शास्त्रज्ञ एड्सगर डायक्स्ट्रा यांनी या उड्यांविरुद्ध एक गाजलेलं पत्र प्रसिद्ध केलं. त्याआधी, 1966 मध्येच, बोम आणि याकोपिनी या दोघांनी दाखवून दिलं होतं, की तीन गोष्टींवर सगळं काम भागतं. क्रम: आधी हळद, मग मुहूर्त. निवड: पाऊस आला तर हॉलमध्ये, नाहीतर अंगणात. पुनरावृत्ती: पंगत उठेपर्यंत वाढत राहा.

हेच स्ट्रक्चर्ड प्रोग्रॅमिंग. मोठ्या कामाचे छोटे तुकडे पाडायचे आणि ते ठरल्या क्रमाने करायचे. 1972 च्या सुमारास आलेली ‘सी’ ही भाषा याच वळणाची.

मग अडचण कुठे आली?

लग्नघरातली वही आठवा. पाहुण्यांचा आकडा त्यात लिहिलेला आणि वही टेबलावर उघडी. मामा येतात, 300 चे 350 करतात. आत्या येतात, 20 नावं खोडतात. आचाऱ्याला पत्ताच नाही! कामांची यादी चोख आहे, पण माहिती कुणीही बदलू शकतं. प्रोग्रॅम वाढत गेला की अगदी हेच होतं.

यावरचा उपाय ऑस्लोमध्ये तयार झाला. ओले-योहान डाल आणि क्रिस्टन न्यूगोर या नॉर्वेच्या दोघांनी ‘सिम्युला 67’ ही भाषा घडवली. तिच्यात माहिती आणि त्या माहितीवरचं काम एकत्र बांधलं. त्या गाठोड्याचं नाव ‘ऑब्जेक्ट’. म्हणजे वही काकूंच्या ताब्यात. आकडा हवा तर काकूंना विचारा, बदलायचा तर काकूंना सांगा.

ऑब्जेक्ट ज्यावरून घडतो तो ‘क्लास’. मोदकाचा साचा म्हणजे क्लास आणि त्यातून निघालेला प्रत्येक मोदक म्हणजे ऑब्जेक्ट.

पैशाचा प्रश्न

आता बँकेचं खातं घ्या. शिल्लक रक्कम प्रोग्रॅममध्ये कुठूनही बदलता आली तर केवढा धोका! म्हणून खात्याचा ऑब्जेक्ट ती आत झाकून ठेवतो. बाहेरच्यांना फक्त ‘पैसे भरा’ आणि ‘पैसे काढा’ एवढीच दारं. पुरेशी शिल्लक आहे का, ही तपासणी आतच होते. उद्या नियम बदलला तर दुरुस्ती एकाच जागी. शिवाय बचत खातं, चालू खातं हे त्याच मूळ साच्याचे वारस. सामाईक गुण आयते मिळतात, वेगळेपण तेवढं नव्याने लिहायचं.

मग चांगलं कोणतं?

काम बघून ठरवा. चार कप चहासाठी कुणी आचारी बोलावत नाही. छोट्या, सरळ कामाला स्ट्रक्चर्ड पद्धत सुटसुटीत पडते. उगाच क्लास वाढवले तर तोही एक गुंताच. लिनक्सचा गाभा आजही मुख्यतः ‘सी’ मध्ये आहे. खूप माणसांनी मिळून, वर्षानुवर्षं वाढवायचा प्रोग्रॅम असेल तर मात्र ‘जावा’ किंवा ‘सी प्लस प्लस’ मधली ऑब्जेक्टची वाट सोयीची ठरते. ‘पायथॉन’ मध्ये दोन्ही चालतात.

आणि एक लक्षात घ्या, ऑब्जेक्टच्या आतसुद्धा क्रम, निवड, पुनरावृत्ती हीच तिघं राबत असतात. त्यामुळे मुलांनी आधी हा पाया पक्का करावा. मूल आपला प्रोग्रॅम कौतुकाने दाखवायला आलं, की एवढंच विचारा: “यातली माहिती कोण कोण बदलू शकतं?” उत्तर देताना त्याची चांगलीच उजळणी होईल.