बिअर ट्रिपला निघताय? आधी ग्लासातला कायदा वाचा!

क्राफ्ट बिअर चाखायला बंगळुरू गाठायचं, हा प्लॅन आता कॉलेजच्या ग्रुप्समध्येही शिजायला लागलाय. पण त्या ग्लासात काय येणार, कितीला येणार आणि तुमच्या हातात येणार की नाही, हे ठरतं सरकारी फायलींमध्ये.

लाँग वीकेंड जवळ आला की ग्रुपवर एक मेसेज ठरलेला असतो. ‘बंगळुरू?’ पुण्या-मुंबईहून रात्रीची स्लीपर बस नाहीतर उद्यान एक्स्प्रेस, तिथे नोकरीला लागलेल्या कुणातरी सीनियरच्या फ्लॅटवर बॅगा टाकायच्या आणि दुपारी थेट इंदिरानगर. मग इन्स्टावर फोटो येतो. लाकडी ट्रेमध्ये सहा छोटे ग्लास, एक फिकट पिवळा, एक गढूळ केशरी, एक तांबूस, शेवटचा काळाकुट्ट. खाली कॅप्शन, ‘बिअर फ्लाइट, बेबी!’

फोटो भारीच असतो. पण याच बिअरसाठी दुसऱ्या राज्यात का जावं लागतं? तीच बिअर तुमच्या शहरात वेगळ्या दरात का? गोव्यात जो मित्र बिनधास्त ऑर्डर देतो, त्यालाच पुण्यात वेटर आयडी का मागतो? या प्रश्नांची उत्तरं बिअर बनवणाऱ्यापेक्षा राज्याच्या उत्पादन शुल्क खात्याकडे, म्हणजे आपल्या भाषेत ‘एक्साइज’कडे जास्त आहेत. तुम्ही पीत असा किंवा नसा, तुमच्या वयाच्या मुलामुलींबद्दल सरकार काय विचार करतं, हे या एका ग्लासातून बऱ्यापैकी कळतं.

बंगळुरूच का?

खरं तर क्राफ्ट बिअरच्या गोष्टीत आपलं पुणं मागे नाही. ‘डूलाली’ २००९ मध्ये पुण्यातच सुरू झाली आणि देशातल्या अगदी सुरुवातीच्या मायक्रोब्रुअरींमध्ये तिचं नाव घेतलं जातं. बंगळुरूत इंदिरानगरची ‘टॉइट’ त्यानंतर, २०१० मध्ये आली. पुढे आर्बर, विंडमिल्स अशी नावं वाढत गेली आणि शहराची ओळखच बदलली. कारणं दोन. एक, आयटीतला तरुण, पगारदार, रोज बाहेर खाणारा वर्ग. दुसरं, हॉटेलच्या आवारातच बिअर बनवून तिथेच विकण्याचा वेगळा परवाना कर्नाटकने दिला.

हे ‘तिथेच बनवून तिथेच’ महत्त्वाचं आहे. दुकानातली बाटलीबंद बिअर सहसा पाश्चराइज केलेली असते, त्यामुळे ती महिनोन् महिने टिकते. मायक्रोब्रुअरीतली ताजी बिअर मात्र दुधासारखी नाजूक. थंड ठेवावी लागते आणि लवकर संपवावी लागते. म्हणून ती तुमच्यापर्यंत येत नाही, तुम्हालाच तिच्यापर्यंत जावं लागतं. महाराष्ट्रात नियम थोडा मोकळा आहे. इथे मायक्रोब्रुअरीला आपली बिअर पिंपांत भरून दुसऱ्या परवानाधारक बारना पुरवता येते. डोंबिवलीच्या एमआयडीसीत बनलेली बिअर मुंबईच्या बारमध्ये नळातून मिळते, ती त्यामुळेच.

सहा ग्लासांत असतं काय?

बिअरचा कच्चा माल चारच गोष्टींचा. पाणी, माल्ट म्हणजे मोड आणून वाळवलेलं जव, हॉप्स नावाची कडसर फुलं आणि यीस्ट. फरक पडतो तो प्रमाणात आणि पद्धतीत. हेफेवायझन या जर्मन पद्धतीच्या बिअरमध्ये गहू जास्त असतो आणि तिला चक्क केळं आणि लवंगेचा वास येतो. त्यात केळं घातलेलं नसतं, ही करामत यीस्टची! बेल्जियन विटमध्ये संत्र्याची साल आणि धणे पडतात. आयपीएमध्ये हॉप्सचा मारा, म्हणून ती कडू. स्टाउटमध्ये जव जवळजवळ कॉफीसारखं भाजलेलं, म्हणून काळा रंग आणि कॉफीची चव. आपल्याकडच्या ब्रूअर्सनी यात बासमती, आंबा, कोकम, जांभूळ असे देशी प्रयोगही केलेत.

मेन्यूवर लागरपेक्षा एल जास्त का दिसतात, यामागे साधा हिशेब आहे. एल प्रकारातली बिअर खोलीच्या तापमानाच्या आसपास आंबते आणि साधारण दोन-तीन आठवड्यांत तयार होते. लागरला थंडी लागते आणि टाकीत जास्त काळ मुक्काम लागतो. इंदिरानगरसारख्या ठिकाणच्या भाड्यात टाकी अडवून बसणं परवडत नाही.

मडगावात सज्ञान, पुण्यात लहान

आता कायद्याकडे येऊ. दारू हा विषय राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीतल्या राज्यसूचीत आहे. म्हणजे नियम करायचे, कर लावायचा, बंदी घालायची, सगळं राज्याच्या हातात. पिण्याची दारू जीएसटीच्याही बाहेर ठेवलेली आहे. परिणाम काय, तर एकाच देशात कायदेशीर वयाची अख्खी जत्रा भरलीय. गोव्यात १८. महाराष्ट्रात सौम्य मद्यासाठी, म्हणजे बिअर-वाइनसाठी २१ आणि बाकी दारूसाठी २५. केरळने २०१७ मध्ये २१ चं २३ केलं. गुजरात आणि बिहारमध्ये थेट दारूबंदी. आपल्याच राज्यात वर्धा आणि गडचिरोली ‘कोरडे’ जिल्हे आहेत. चंद्रपूरमध्ये २०१५ ला बंदी आली आणि २०२१ मध्ये उठलीही.

कर्नाटकची गंमत आणखी वेगळी. तिथल्या मूळ कायद्यात १८ आहे, परवान्याच्या नियमांत २१. पब पाळतात ते २१. नियमांतही १८ करावं असा मसुदा २०२३ मध्ये आला होता, पण विरोध झाला आणि तो बारगळला. त्यामुळे एफवाय-एसवायच्या मंडळींनी बंगळुरूचं तिकीट काढण्याआधी हे नीट वाचावं. ‘तिकडे चालतं’ असं सांगणारा सीनियर स्वतः चोवीस वर्षांचा असतो!

महाराष्ट्रात तर वय पुरेसं नाही, दारू पिण्याचा परवानाही लागतो. १९४९ च्या दारूबंदी कायद्याची ही देणगी. बारमध्ये बिलासोबत कधी कधी दिसणारी ती पाच रुपयांची चिठ्ठी म्हणजे एक दिवसाचा परवाना. म्हणजे कागदोपत्री आपण आजही दारूबंदीवाले, फक्त परवाना घेऊन पिणारे. राज्यघटनेच्या ४७ व्या कलमात सरकारने दारूबंदीच्या दिशेने प्रयत्न करावेत असं म्हटलंय आणि त्याच दारूच्या करावर राज्यांच्या तिजोऱ्या चालतात. या दुटप्पीपणातूनच पुढचे सगळे गोंधळ निघतात.

चव हवी की चढ?

भारतात विकली जाणारी बहुतेक बिअर ‘स्ट्राँग’ असते, आठ टक्क्यांपर्यंत मद्यार्क असलेली. चव कशी, यापेक्षा ‘चढते का?’ हा प्रश्न आधी. यात पिणाऱ्यांची सवय आहेच, पण खिशाचं गणितही आहे. महाग बाटली घ्यायचीच तर कमी पैशांत जास्त नशा देणारी घेऊ, असा सरळ विचार.

थोडा हिशेब करून बघा. ६५० मिलीची आठ टक्क्यांची एक बाटली म्हणजे ५२ मिली शुद्ध मद्यार्क. व्हिस्कीच्या ३० मिलीच्या पेगमध्ये तो साधारण १३ मिली असतो. म्हणजे ‘फक्त एक बिअर घेतली’ असं म्हणणाऱ्याने चार छोटे पेग घेतलेले असतात. १०० मिलीच्या सहा ग्लासांची फ्लाइट सरासरी साडेपाच टक्क्यांची धरली तरी अडीच पेग होतात. ‘नुसतं टेस्टिंग’ म्हणून ते शरीराला कमी मोजत नाही.

सरकार काय करतं? बिअरमध्ये मद्यार्क कमी असूनही त्यामानाने तिच्यावरचा कर कडक दारूपेक्षा जास्त पडतो, ही बिअर कंपन्यांची जुनी तक्रार. विक्री घटल्यावर महाराष्ट्र सरकारने २०२३ मध्ये बिअरवरच्या कराचा विचार करायला अभ्यासगट नेमला, तेव्हा त्यावर मीम्सचा पाऊस पडला होता. जून २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने भारतीय बनावटीच्या विदेशी मद्यावरचं शुल्क, उत्पादनमूल्य लिटरला २६० रुपयांपर्यंत असलेल्या मालासाठी, तिपटीवरून साडेचारपट केलं. बिअर-वाइनला यातून वगळलं. पण निर्णयासोबत बातमी कशाची झाली? वर्षाला १४ हजार कोटींचा जादा महसूल मिळेल याची. लोकांनी कमी मद्यार्काकडे वळावं असा काही आरोग्याचा विचार त्यात आहे का, ही चर्चा फारशी कानावर आली नाही.

एका शब्दाची किंमत

एक्साइजचा हात किती लांब असतो, हे ‘बिरा ९१’ने अनुभवलं. २०१५ मध्ये आलेल्या या ब्रँडने आपल्याकडच्या तरुणांना गव्हाच्या बिअरची ओळख करून दिली. शेअर बाजारात उतरण्याच्या तयारीत कंपनीने आपल्या नावातला ‘प्रायव्हेट’ हा शब्द काढला. कंपनी तीच, बिअर तीच. पण दारूच्या प्रत्येक लेबलची प्रत्येक राज्यात नोंदणी लागते आणि नाव बदललं म्हणजे सगळीकडे नव्याने रांगेत उभं राहणं आलं. कित्येक महिने विक्री अडली, जुन्या लेबलचा माल पडून राहिला. २०२५ मध्ये पगार थकल्याच्या तक्रारी घेऊन कर्मचारीच उभे राहिले. कंपनीच्या अडचणींना इतरही कारणं असतील. पण कॉमर्सच्या आणि स्टार्टअपची स्वप्नं बघणाऱ्या मुलामुलींनी ही केस स्टडी जरूर वाचावी. एक देश, एक कर हे बिअरच्या बाबतीत अजिबात खरं नाही.

कल्याणीनगरनंतर

वयाच्या नियमाची थट्टा करणं सोपं आहे. पण १९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरला जे झालं, त्यानंतर ती तितकी सोपी राहिलेली नाही. भरधाव पोर्शेच्या धडकेत दोन तरुण इंजिनीअर जागीच गेले. गाडी चालवणारा १७ वर्षांचा होता. त्याआधी त्याने मित्रांसोबत पबमध्ये दारू घेतल्याचं पोलिसांचं म्हणणं आहे आणि त्याला दारू दिल्याच्या आरोपावरून पबवाल्यांवरही कारवाई झाली. जामिनासाठी ३०० शब्दांचा निबंध लिहायची अट देशभर गाजली.

त्या रात्री कायदा कमी नव्हता. २१ चा नियम होता, २५ चा होता, परवान्याचा होता. नव्हती ती दारात आयडी बघणारी यंत्रणा. म्हणून वय आणखी वाढवा ही मागणी ऐकायला बरी वाटली तरी जो नियम पाळलाच जात नाही, त्यातला आकडा बदलून काय होणार? उलट २१ च्या आतल्यांचं पिणं पबमधून हॉस्टेलच्या गच्चीवर आणि पार्क केलेल्या गाडीत जातं. तिथे किती झाली हे विचारणारा वेटरही नसतो.

जाणार असाल तर

वय बसत असेल आणि जायचंच ठरवलं असेल, तर चार गोष्टी लक्षात ठेवा. फ्लाइट दोघांत मिळून घ्या. सुरुवात हलक्या बिअरने करा, कडू आणि काळी शेवटी, मध्ये पाणी आणि सोबत पोटभर खाणं. मेन्यूवर प्रत्येक बिअरसमोर मद्यार्काची टक्केवारी असते, ती वाचा. गाडी चालवणाऱ्याने थेंबही घ्यायचा नाही. १०० मिली रक्तात ३० मिलीग्रॅम ही कायद्याची मर्यादा आहे, ती एका पाइंटमध्येही ओलांडली जाऊ शकते आणि पहिल्याच वेळी १० हजारांपर्यंत दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. गोव्याहून येताना बॅगेत बाटल्या कोंबू नका, इन्सुलीच्या नाक्यावर तुमची रील कुणी लाइक करणार नाही. आणि ग्रुपमधला एखादा ‘मी घेत नाही’ म्हणाला, तर विषय तिथेच संपवा. आरोग्यासाठी सुरक्षित असं दारूचं कुठलंच प्रमाण नाही, हे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट सांगितलंय. त्याचं म्हणणं शास्त्राला धरूनच आहे.

आणि वय बसत नसेल? मग थांबा. बनावट आयडी दाखवणं हा वेगळाच गुन्हा आहे आणि त्याची किंमत पुढे पासपोर्टच्या पोलीस व्हेरिफिकेशनपर्यंत मोजावी लागू शकते.

तुमच्यापैकी बरेच जण १८ व्या वर्षी मतदार झालेत. पुढच्या निवडणुकीत कुणी मत मागायला आलं, तर रोजगार, परीक्षा, फी यांच्यासोबत हेही विचारा. दारूच्या करातून आलेल्या पैशांतला किती भाग व्यसनमुक्तीवर आणि रात्रीच्या बस-लोकलवर खर्च होतो? पबच्या दारात वय तपासलं जातं की नाही, हे बघायला एक्साइजकडे माणसं किती आहेत? वय १८ असावं की २५, यावर वाद घालायला आपल्याला आवडतं. पण या दोन प्रश्नांची उत्तरं आधी मिळायला हवीत.