सल्ल्यापुरती हेरिटेज कमिटी

मुंबईची वारसा जतन समिती, म्हणजेच बोलीतली हेरिटेज कमिटी, 1995 च्या वारसा नियमावलीतून आली. समितीला स्वतःहून ना परवानगी देता येते, ना बांधकाम पाडता येते. तिचे काम महापालिका आयुक्तांना सल्ला देण्याचे. तरीही हा सल्ला वाटतो तितका पोकळ नाही. आयुक्तांना तो अपवादानेच डावलता येतो, त्याची कारणे लेखी नोंदवावी लागतात आणि हा अधिकार हाताखालच्या अधिकाऱ्याकडे सोपवता येत नाही.

वारसा यादीतल्या वास्तूंच्या तीन श्रेणी आहेत. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनससारख्या पहिल्या श्रेणीतल्या वास्तूत मजबुतीला आवश्यक असेल तेवढाच बदल चालतो. दुसऱ्या श्रेणीत आतून फेरफाराला थोडी मोकळीक असते, दर्शनी भाग मात्र तपासला जातो. तिसऱ्या श्रेणीत मुभा बरीच, आणि खरी ओढाताणही तिथेच. रहिवाशाला पुनर्विकासातली मोठी खोली हवी असते, समितीला लाकडी सज्जा आणि उतरते कौलारू छप्पर राखायचे असते. 2012 च्या विस्तारित यादीच्या मसुद्यात दादरचा शिवाजी पार्क परिसर येताच दादरकरांनी विरोध केला, तो या ओढाताणीमुळेच. हा विरोध निव्वळ स्वार्थाचा म्हणून झटकून टाकणे अन्यायाचे आहे. मालकाच्या बुडालेल्या बांधकाम हक्काची भरपाई टीडीआरने, म्हणजे दुसरीकडे वापरता किंवा विकता येणाऱ्या हस्तांतरणीय विकास हक्काने होते, पण गळणारे छप्पर दुरुस्त करायला रोकड लागते. ती कोणी द्यायची, यावर समितीला अधिकार नाही.