एकाच वर्षी दोन निर्णय

१९६८ साली दोन देशांनी शाळेविषयी जवळजवळ एकच गोष्ट ठरविली. फिनलंडच्या संसदेने कायदा करून सर्व मुलांना नऊ वर्षे एकाच प्रकारच्या शाळेत शिकविण्याचे ठरविले. आपल्या सरकारचे राष्ट्रीय शैक्षणिक धोरणही त्याच वर्षीचे. कोठारी आयोगाने सुचविलेल्या समान शाळा पद्धतीच्या दिशेने प्रयत्न व्हावेत, असे त्यात म्हटले होते. आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक हे कोल्हापूर जिल्ह्यातले, आणि खेड्यातील कामाचे पहिले धडे त्यांनी गिरविले ते धारवाडकडे. म्हणजे ही कल्पना आपल्याला परकी नव्हती.

फिनलंडमध्ये पूर्वी चार इयत्ता झाल्या की मुलांची वाटणी होई. काही मुले, बहुधा शुल्क भरून, विद्यापीठाकडे नेणाऱ्या शाळेत जात. बाकीची थोडे शिकून कामाला लागत. दहा-अकरा वर्षांच्या पोराचे भवितव्य बापाच्या खिशावर ठरे. ही वाटणी बंद करायला विरोध पुष्कळ झाला. हुशार मुले मागे ओढली जातील, ही भीती तिथेही होतीच. म्हणून तडजोड अशी की गणित व परभाषांच्या वर्गांत वेगवेगळ्या पातळ्या ठेवल्या. त्या १९८५ साली गेल्या.

मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो अंमलबजावणीचा क्रम. नवी शाळा १९७२ मध्ये सुरू झाली ती उत्तरेकडील मागास लॅपलंडपासून. राजधानी हेलसिंकीच्या परिसराचा नंबर लागला शेवटी, १९७७ मध्ये. आपल्याकडची योजना शहरात निघते आणि वाडीवर पोचेपर्यंत तिचा दम संपतो. शिक्षकांचे प्रशिक्षण विद्यापीठांकडे गेले आणि १९७९ पासून प्राथमिक शिक्षकालाही पदव्युत्तर पदवी लागू लागली. पुस्तके व दुपारचे जेवण सर्वांना मोफत. स्वीडिश बोलणारे तेथे शेकडा पाचच्या आसपास आहेत, पण त्यांच्या भाषेतील शाळाही त्याच कायद्याखाली, त्याच सरकारी पैशावर चालतात. आपल्या अंकाच्या दोन्ही विभागांच्या वाचकांनी हे ध्यानात घ्यावे.

२००० सालच्या पहिल्या ‘पिसा’ चाचणीत फिनलंडची मुले वाचनात सर्वांच्या पुढे होती. पुढे घसरण झाली, हेही सांगितले पाहिजे: गणितातील गुण २००३ मध्ये ५४४ होते, ते २०२२ मध्ये ४८४ वर आले. तेव्हा त्या देशाची आरती ओवाळण्याचे कारण नाही. परंतु गुण घसरले म्हणून कोणी जुनी वाटणी परत आणलेली नाही.

आणि आपण? २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने खासगी शाळांत शेकडा पंचवीस जागा राखल्या, म्हणजे वाटणी कायम ठेवून तिला एक खिडकी पाडली.

यात मी स्वतःला वगळत नाही. मुलीला शाळेत घालण्याची वेळ आली तेव्हा घरापासून चार मिनिटांवरच्या सरकारी शाळेच्या फाटकापर्यंत मी गेलो आणि तिथूनच परतलो. दुसऱ्या दिवशी शहराच्या पलीकडील शाळेत फी भरली. आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींचा मुलगा त्याच सरकारी शाळेत तिसरीत आहे. वर्गाचे छप्पर गळते म्हणून मावशी दोनदा मुख्याध्यापकांना भेटून आल्या. यंदाच्या पावसातही ते गळतेच आहे. माझी मुलगी तिथे असती तर मी अर्ज लिहिला असता, ओळखीच्या नगरसेवकाला फोन केला असता.