‘कोण जिंकेल?’ हा इतिहासाचा प्रश्नच नव्हे

१/ घोटीच्या बसस्थानकासमोर चहा घेत असताना शेजारच्या बाकावर दोन तरुणांचा वाद रंगला होता : अधिक ‘झपाटलेला’ घाट कोणता, कसारा की खंडाळा? पांढऱ्या साडीतली बाई, मुंडके नसलेली म्हातारी, एकेक भूत पटावर मांडून गुण मोजले जात होते. ते घाट फोडले कोणी, हा प्रश्न मात्र एकदाही निघाला नाही. हा धागा त्या ‘विरुद्ध’च्या विरोधात आहे.

२/ आरंभ एका चित्रपटापासून करू. १५ ऑगस्ट २००३ रोजी अमेरिकेत ‘फ्रेडी व्हर्सेस जेसन’ प्रदर्शित झाला. दिग्दर्शक हाँगकाँगचे रॉनी यू. एका बाजूस स्वप्नात शिरून मारणारा फ्रेडी क्रूगर (पहिला चित्रपट १९८४), दुसऱ्या बाजूस ‘फ्रायडे द थर्टीन्थ’ मालिकेतला (आरंभ १९८०) मुखवटाधारी जेसन वूरहीस. शीर्षकानेच प्रेक्षकाच्या तोंडी प्रश्न घातला : जिंकणार कोण?

३/ वस्तुतः या दोघांनाही पूर्वेतिहास आहे. जेसन हा शिबिरातल्या कर्मचाऱ्यांच्या हलगर्जीपणामुळे तळ्यात बुडालेला मुलगा; पहिल्या चित्रपटातली खुनी तर त्याची सूडाने पेटलेली आई आहे. फ्रेडी हा कागदोपत्री त्रुटीमुळे सुटलेला बालहत्यारा. गावच्या पालकांनी त्याला जिवंत जाळले आणि ही गोष्ट मुलांपासून दडवली. एक भूत निष्काळजीपणातून जन्मले, दुसरे दडपलेल्या झुंडहत्येतून.

४/ २००३च्या कथेत याची जाणीव आहे. गावातले मोठे लोक फ्रेडीचे नावच पुसून टाकतात, मुलांना स्वप्ने पडू नयेत म्हणून औषधे देतात. विसरला गेल्यामुळे फ्रेडी दुबळा होतो. भीती पुन्हा जागवण्यासाठी तो जेसनला उठवतो. म्हणजे प्रश्न थेट दप्तरखान्याचा आहे : नोंद पुसली म्हणजे गुन्हा पुसला जातो का? चित्रपट हा प्रश्न हाती घेतो, आणि कुस्ती लागताच टाकून देतो.

५/ कुस्तीचा निकालही लागत नाही. शेवटी जेसन फ्रेडीचे मुंडके घेऊन तळ्यातून बाहेर येतो आणि ते मुंडके डोळा मिचकावते. निकाल लागला तर पुढचे तिकीट कसे खपणार?

६/ हा धंदा जुना आहे. जपानचा गॉडझिला १९५४चा. त्याच वर्षी बिकिनी बेटावरील हायड्रोजन बॉम्बच्या चाचणीची राख एका जपानी मासेमारी नौकेवर पडली होती. तो राक्षस त्या जखमेतून उठला. १९६२ साली त्याची किंगकाँगशी झुंज लावली गेली. अवघ्या ८ वर्षांत अणुबॉम्बची आठवण आखाड्यातला मल्ल झाली.

७/ आपल्याकडेही ‘धडाकेबाज’मधला (१९९०) कवट्या महांकाळ आणि ‘झपाटलेला’मधला (१९९३) तात्या विंचू, महेश कोठारे यांच्या या दोन खलनायकांची जुंपली तर काय, ही चर्चा रंगते. रंगू दे. रंजनाला माझा आक्षेप नाही. तात्या विंचूला मीही लहानपणी घाबरलो आहे. आक्षेप आहे तो हीच सवय इतिहासाच्या वाचनात शिरण्याला : दोन राजे, दोन किल्ले, दोन लढाया तराजूत घालायच्या आणि कौल मागायचा.

८/ आता पुन्हा घाटात येऊ. घोटीहून मुंबईला जाणारी प्रत्येक गाडी इगतपुरीनंतर थळ घाट, म्हणजेच कसारा घाट, उतरते. हा मार्ग १८६५ साली खुला झाला. दर ३७ फुटांमागे १ फूट असा तो चढ आहे. म्हणून आजही वर येणाऱ्या गाडीला कसाऱ्यात मागून जादा इंजिने लावावी लागतात. ते बोगदे माणसांनी सुरुंगाच्या दारूने आणि पहारींनी फोडले.

९/ खंडाळ्याच्या भोर घाटाचे काम १८५६ ते १८६३ चालले. १८६१ साली तिथे ४० हजारांहून अधिक मजूर राबत होते. १८५९च्या जानेवारीत थकलेल्या मजुरीवरून त्यांनी दंगा केला. पटकी, ताप आणि अपघात यांनी हजारो माणसे नेली. मुख्य अभियंता बर्कली यांचे नाव ग्रंथांत आहे. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ साली वारले आणि पत्नी ॲलिस यांनी काम तडीस नेले, हेही आहे. मजुरांची नावे नाहीत.

१०/ कोणी म्हणेल, भुताच्या गोष्टींमुळे निदान घाट तरी लक्षात राहतो. राहतो, पण माणसे वगळून. पांढऱ्या साडीतली बाई आपल्याला पाठ आहे; डोक्यावर दगडांची पाटी घेतलेली बाई नाही. स्प्रिंगवूड गावाने नोंदी पुसून जे साधले, ते आपण गुण मोजून साधतो.

११/ तेव्हा मित्रहो, पुढच्या वेळी ‘अमुक विरुद्ध तमुक’ असा कौल समोर आला, तर मत देण्याआधी एकच विचारा : हे भूत कोणाच्या चुकीतून जन्मले? कसारा की खंडाळा, याचे उत्तर मजजवळ नाही. दोन्ही घाटांत मेलेली माणसे एकाच बाजूची होती.