म्हैस पाण्यात आणि मोल काठावर



गेले दोन महिने आम्ही शेतकी खात्याची मंडळी लागण नोंदीच्या निमित्ताने नदीच्या डाव्या अंगाच्या गावांतून फिरत आहोत. नोंदी बाजूला राहतात आणि पारावर टेकलो की पहिला प्रश्न येतो, "साहेब, उपसा योजना करायची म्हणताय, तर एकरी किती बसतील तेवढं सांगा. बाकीचं आमचं आम्ही बघतो."

प्रश्न सरळ आहे आणि रास्तही आहे. ज्याच्या बिलातून कपात व्हायची आणि ज्याच्या सातबाऱ्यावर बोजा चढायचा, त्याने किंमत विचारायची नाही तर कुणी विचारायची? पण आम्ही आजवर एक ठाम आकडा दिलेला नाही. त्यावरून "शेतकीवाले टाळाटाळ करतात, ह्यांना काही ठाऊक नाही" असे बोल आमच्या कानावर आले. त्यात निम्मे खरे आहे. आम्हाला आज ठाऊक नाही, आणि आज ते कुणालाच ठाऊक असू शकत नाही. जो ठाऊक आहे म्हणतो, त्याच्यापासून सावध राहावे, हेच सांगण्यासाठी हा लेख लिहीत आहोत.

आपल्याकडे म्हण आहे, म्हैस पाण्यात आणि मोल काठावर. म्हशीचे फक्त डोके दिसते आहे. कास कशी, पाय कसे, वेत कितवे, काही दिसत नाही आणि काठावर उभे राहून भाव ठरतो आहे. बाजारात असा व्यवहार आपल्यातला एकही शेतकरी करणार नाही. पण बांधकामाच्या बाबतीत आपण सगळेच तो करतो. घर असो, विहीर असो, शेततळे असो वा उपसा योजना असो.

आधी आमचीच चूक कबूल करतो. सन २०११ मध्ये आम्ही दुसऱ्या भागात ॲग्री ओव्हरसिअर म्हणून काम पाहत होतो. तिथे एका गावात सामुदायिक उपसा योजनेची बैठक मारुतीच्या देवळात भरली. एकरी खर्च किती, असे लोकांनी विचारले. शेजारच्या योजनेला काही वर्षांपूर्वी जो खर्च आला होता तो आम्ही ऐकून होतो. त्यात थोडी भर घालून आम्ही "१८ हजारांच्या आसपास" असे बोलून गेलो. "आसपास" हा शब्द देवळातच राहिला आणि १८ हजार घरोघर गेले. ठराव त्याच आकड्यावर झाला, कर्जही त्याच आकड्यावर घेतले.

पुढे जॅकवेलच्या खोदाईला चौदा फुटांवर काळा पाषाण लागला. पाइपलाइन ज्या वावरातून सरळ जायची त्या मालकाने वाट दिली नाही, म्हणून तिला वळसा पडला. विजेचे खांब जवळच्या डीपीवरून येतील असे धरले होते, ते लांबून आणावे लागले. योजना पुरी झाली तेव्हा एकरी ३१ हजार झाले होते, आणि पाणी दोन वर्षे उशिरा आले. सव्वा एकराच्या एका सभासदाला दुसरा हप्ता भरण्यासाठी दावणीची दुभती गाय विकावी लागली. ते गृहस्थ अजून भेटतात, रामराम घालतात. पण एकदा हसत हसत म्हणाले, "सायेब, तुमचं अठरा हजार माझ्या ध्यानात हाय बरं का." त्या दिवसापासून आम्ही पारावर बसून आकडा सांगणे सोडले.

पहिला आकडा चुकतो तो कसा, हे आपल्या समोरच्या कामावरून पाहू. समजा, २०० एकर ऊस भिजवायचा आहे आणि त्यासाठी सेकंदाला १०० लिटर पाणी उचलायचे आहे. नकाशावर बोट ठेवून कुणी सांगितले की चढ ४० मीटर आहे. पंपाची कार्यक्षमता ७० टक्के धरली तर ७६ एचपी लागतात. आता प्रत्यक्ष लेव्हल घेतली आणि चढ ४८ मीटर निघाला. त्यात पाइपातून पाणी जाताना होणाऱ्या घर्षणाचे १० मीटर आणि व्हॉल्व्ह-बेंडचे २ मीटर मिळवले की एकूण हेड ६० मीटर झाले. पाणी तेवढेच, पण आता ११४ एचपी लागतात. म्हणजे दीडपट. मोटार वाढली, स्टार्टर वाढला, ट्रान्सफॉर्मर वाढला, आणि पाइपही जास्त दाब सोसणारा घ्यावा लागला.

हे एवढ्यावर थांबत नाही. दिवसाला १६ तास आणि वर्षाकाठी १५० दिवस पंप चालला, तर ७६ एचपीला एकरी सुमारे ७०० युनिट वीज पडते आणि ११४ एचपीला एकरी हजाराच्या वर. बांधकामाचा खर्च एकदा येतो, विजेचे बिल दर महिन्याला येते. ताकारी, म्हैसाळ, टेंभू या मोठ्या उपसा योजनांच्या वीजबिलाचा प्रश्न किती वर्षे गाजला हे आपण सर्व जाणतो. योजना बांधताना "किती लागतील" हे विचारणारे पुष्कळ असतात, "चालवायला किती लागतील" हे विचारणारा विरळा.

आणखी एक उदाहरण देतो, कारण पैसे वाचवण्याचा मोह इथेच होतो. साडेतीन किलोमीटरच्या आतबाहेरची पाइपलाइन आहे. आतील व्यास ३५० मिलिमीटर घेतला तर घर्षणात सुमारे ९ मीटर हेड जाते. खर्च कमी दिसावा म्हणून ३०० मिलिमीटर घेतला तर तेच १९ मीटर होते. अंदाजपत्रक हलके झाले, सभेत टाळ्या पडल्या. पण त्या १० मीटरपायी पंप चालेल तोवर तासाला १४ युनिट जास्त जळणार. स्वस्तात मिळाली म्हणून घेतली आणि जन्मभर वैरण दुप्पट, अशी ती म्हैस.

कुणी म्हणेल, हा आम्हा अडाण्यांचा घोळ, मोठ्या इंजिनीअरांचे असे होत नसेल. विदर्भातील वैनगंगेवरच्या गोसीखुर्द प्रकल्पाला १९८३ साली मान्यता मिळाली ती सुमारे ३७२ कोटी रुपयांना. पुढे सुधारित अंदाज होत होत तो आकडा १८ हजार कोटींच्या वर गेला. ही सगळी वाढ केवळ पहिल्या अंदाजाच्या चुकीने झाली असे आम्ही म्हणणार नाही. त्यात दशकानुदशकांची महागाई आहे, भूसंपादन आहे, पुनर्वसन आहे. पण शिकायचे ते हेच, की पहिल्या कागदावर जे धरलेले नसते ते पुढे येऊन दारात उभे राहतेच. काम जितके रेंगाळते तितके ते मोठे होऊन उभे राहते.

मग अंदाज करूच नये का? तसे नव्हे. अंदाज हवाच, नाहीतर पाऊल कुठे टाकायचे तेच कळणार नाही. मात्र कोणत्या पायरीवरचा अंदाज आहे, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. एएसीई इंटरनॅशनल ही खर्चाच्या अंदाजाचे काम करणाऱ्या अभियंत्यांची संस्था आहे. तिने प्रक्रिया कारखान्यांच्या प्रकल्पांसाठी अंदाजांचे पाच वर्ग पाडले आहेत. सर्वात प्राथमिक अंदाज पाचव्या वर्गाचा. तो केला जातो तेव्हा प्रकल्पाची फार तर दोन टक्के आखणी झालेली असते. अशा अंदाजापेक्षा प्रत्यक्ष खर्च २० ते ५० टक्क्यांनी कमी येऊ शकतो, आणि ३० ते १०० टक्क्यांनी जास्तही येऊ शकतो, असे ती संस्था धरते. नीट पाहा. खाली फार तर निम्मा, वर मात्र दुप्पट. चूक दोन्हीकडे सारखी होत नाही, ती वरच्या अंगाला जास्त होते. ज्याने घर बांधले आहे त्याला हे सांगायला अमेरिकेतली संस्था नको!

याच रीतीने आपल्या योजनेचा ठोकताळा कसा मांडावा ते पाहा. समजा, अशाच एका योजनेला सात वर्षांपूर्वी एकरी ६० हजार लागले. दरवर्षी सहा टक्के भाववाढ धरली तर सात वर्षांत दीडपट होते, म्हणजे ९० हजार. आता तिथला चढ कमी की जास्त, जमीन मुरमाड की पाषाणी, लाइन किती लांब, हे आपल्याला अजून ठाऊक नाही. म्हणून सांगायचे ते असे, "एकरी ७२ हजार ते दीड लाख, आणि सर्वेक्षण झाल्यावर हा पट्टा अरुंद होईल." एकटे "९० हजार" हे वाक्य ऐकायला गोड आहे, पण ते अर्धसत्य आहे.

यावर काही जाणत्या मंडळींचा आक्षेप आम्ही ऐकला आहे. ते म्हणतात, "दीड लाख म्हटलं की माणसं बैठकीतनं उठून जातील. आधी कमी सांगून सुरुवात करावी, एकदा काम निघालं की लोक भरतात." हा विचार वाईट हेतूने केलेला नाही. सहकारात पुष्कळ चांगली कामे अशीच धाडस करून उभी राहिली, हेही मान्य. पण धाडस माहीत असलेल्या जोखमीचे असावे. कमी सांगून ज्याला आत ओढले, तो दुसऱ्या हप्त्याला अडतो. त्याचे पीककर्ज अडते, बँक बोजा सोडत नाही, काम अर्ध्यावर थांबते आणि ज्यांनी वेळेवर भरले त्यांचेही पाणी लांबते. शिवाय लोक पुढच्या चांगल्या कामावरही विश्वास ठेवत नाहीत. खरा आकडा ऐकून दहा माणसे उठून गेली तर योजना लहान होईल. खोट्या आकड्यावर बसवलेली शंभर माणसे पुढे उठली तर योजना मोडेल.

तेव्हा आमच्या मते येत्या सभेत पुढील पाच गोष्टी ठरवून घ्याव्यात.

१. योजनेचा आकडा नेहमी किमान आणि कमाल असा जोडीने सांगावा. तो कोणत्या तारखेच्या दरांवर आणि कशाच्या आधारावर काढला, हे खाली लिहावे.

२. अंदाजात काय धरलेले नाही, त्याची यादी जोडावी. पाणी परवान्याचा खर्च, वीज जोडणी व ट्रान्सफॉर्मर, रस्ता ओलांडण्याची परवानगी, वावरातून लाइन नेण्याची नुकसानभरपाई, जीएसटी, बांधकामकाळातले व्याज, शेतातले ठिबक, ही नावे बहुतेक पहिल्या कागदावर नसतात.

३. आधी लेव्हल घ्याव्यात आणि जॅकवेलच्या जागी व लाइनच्या वाटेवर चाचणी खड्डे घ्यावेत. यासाठी थोडी वर्गणी काढावी लागेल. योजना नकोच असे ठरले तर हे पैसे गेले असे वाटेल. पण म्हैस पाण्याबाहेर काढून बघण्याचे ते मोल आहे.

४. आकस्मिक खर्चाची रक्कम वेगळी दाखवावी, इतर कामांच्या पोटात लपवू नये. उरली तर सभासदांची, खर्ची पडली तर कशावर पडली ते सभेला कळावे.

५. उसाच्या बिलातून कपातीचा ठराव निविदा उघडल्यावरच करावा. आकडा ठरलेल्या कमाल मर्यादेपुढे गेला तर पुन्हा सभा घ्यावी आणि ज्याला झेपत नाही त्याला बाहेर पडण्याची मुभा असावी.

यातली पाचवी गोष्ट काहींना जड वाटेल. पण सव्वा एकरवाला आणि बारा एकरवाला हे दोघे एकाच ठरावाला हात वर करतात. आकडा चुकला तर बारा एकरवाल्याचे एक वर्ष ओढीचे जाते, सव्वा एकरवाल्याची दावण रिकामी होते. ठराव करताना नजर त्या दावणीकडे असावी.

आम्ही ऊस वाढवणारी माणसे. पाणी आले तर लागण वाढेल आणि आमच्या खात्याचेही नाव होईल, तेव्हा योजना व्हावी ही आमचीही मनापासून इच्छा आहे. म्हणूनच पुढच्या वेळी पारावर कुणी "एकरी किती?" असे विचारले, तर आम्ही दोन आकडे सांगू आणि तिसरी गोष्ट मागू, ती म्हणजे सर्वेक्षणाची वर्गणी. आम्हाला टाळाटाळ करणारे म्हणायचे असेल तर खुशाल म्हणा. पण दहा वर्षांनी कुणी सभासद हसत हसत आमचा जुना आकडा आम्हाला ऐकवील, ती पाळी पुन्हा येऊ नये, एवढीच आमची खटपट आहे.



— ऊस विकास अधिकारी