जिन्याखालचं नाव

परळची एक तीन मजली बिल्डिंग विकायला निघालीय. १९४० च्या आधीची. लाकडी जिना, सामायिक संडास, पावसाळ्यात बांबूचे टेकू. मालकानं बिल्डर गाठलाय. भाडेकरूंची कमिटी झालीय आणि दोस्तांनो, कमिटीचा सेक्रेटरी आपलाच माणूस आहे. १४ एप्रिलला निळा फेटा बांधून सगळ्यांच्या पुढं.

त्याच बिल्डिंगीत माझी आत्या राहते. कितव्या माळ्यावर? कुठल्याच नाही. जिन्याखाली. आडवं झालं की पाय बाहेर. चाळीस वर्षं तोच जिना झाडतेय, तेच संडास धुतेय. मी भिवंडीच्या कापडगिरणीत पाळी करतो. सुट्टीला तिच्याकडं जातो, वरच्यांची पावलं डोक्यावर झेलत जेवतो.

परवा कमिटीची यादी लागली. आत्याचं नाव नाही.

अशा उपकरप्राप्त इमारतीत सगळा खेळ यादीचाच. माणूस १३ जून १९९६ पूर्वीचा हवा, यादी म्हाडानं तपासायची, मग निदान ३०० चौरस फुटांच्या घराचा हक्क. पावती असेल त्याचं पारडं जड. आत्याकडं पावती कुठली? तिनं भाडं पैशात दिलं नाही, कंबर मोडून दिलं.

सेक्रेटरीला विचारलं. म्हणाला, "मावशी कामाची बाई रे. भाडेकरू नव्हे. आता तिचं काढलंस तर एकी फुटंल."

एकी! हा शब्द आपण कधीपासून ऐकतोय. मुंबईच्या गिरण्यांत अस्पृश्याला साचाखात्यात, म्हंजे विणकामाला, घेत नसत. धोट्यातून धागा तोंडानं ओढावा लागायचा, म्हणून विटाळ. आणि पगार बरा तो तिथंच. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी संपाच्या पुढाऱ्यांपुढं हाच अन्याय मांडला, तो मागण्यांत घ्या म्हणाले. एकी फुटंल म्हणून ते गप्प बसले नाहीत. आणि आज? विटाळ धरणारे दुसरे होते. यादी लिहिणारा हात मात्र आपला आहे.

मतदार यादीत आत्याचं नाव याच पत्त्यावर आहे. मतं मागायला सगळे जिन्याखाली वाकले. घराच्या यादीलाच पाठ ताठ कशी होते?

माझं म्हणणं साधं आहे. यादी म्हाडाकडं जाण्याआधी आत्याचं नाव घाला, रेशनकार्ड नि मतदार यादीचा उतारा जोडा. सरकार नाकारील तर त्याच्याशी भांडू. पण पहिला नकार आपला नको. कायद्यात बसत नसंल तर तिची खोली बिल्डरकडून करारात लिहून घ्या. निम्म्याहून जास्त भाडेकरूंच्या सह्यांशिवाय त्याचं घोडं पुढं जात नाही. त्या सह्या आपल्या हातात आहेत. त्या फुकट द्यायच्या?

सह्यांचा रविवार ठरलाय. मी पाळी बुडवून येतोय. तुम्हीही या, आणि वर जाण्याआधी जिन्याखाली वाकून या.

जयभीम.