विश्लेषण: ॲमेझॉनच्या क्लाउडमधली चूक आकृतीत का दिसली नसती?

20 ऑक्टोबर 2025, नरकचतुर्दशीची दुपार. स्नॅपचॅट उघडेना, सिग्नलवरून मेसेज जाईना. तुम्हीही कदाचित घरचा राउटर बंद-चालू करून पाहिला असेल. बिघाड होता अमेरिकेतल्या व्हर्जिनियात, ॲमेझॉनच्या क्लाउडमध्ये.

कंपनीच्या खुलाशानुसार झालं ते असं. 'डायनॅमोडीबी' या डेटाबेसकडे जाण्यासाठी लागणाऱ्या पत्त्यांची यादी एक प्रोग्रॅम तयार करतो. ती लागू करायला मात्र अनेक प्रोग्रॅम नेमलेत, एक बंद पडला तर दुसरा असावा म्हणून. त्या दिवशी त्यातला एक रेंगाळला. आपल्याकडची यादी नवी आहे ना, हे त्याने तपासलं होतं, पण बऱ्याच आधी. तोवर दुसऱ्याने खरोखरची नवी यादी लावली आणि जुन्या याद्या पुसायला घेतल्या. नेमकं तेव्हाच पहिल्याने नवीवर जुनी चढवली. साफसफाईत तीच पुसली गेली. पत्ता कोरा!

हीच रचना कागदावर काढून बघा. चार चौकोन, चार बाण, चूक कुठेच दिसत नाही. कोण कोणाला काय देतं ते बाण सांगतो, किती उशिरा देतं ते नाही.

मग उपाय काय?

एक उपाय म्हणजे 'फॉर्मल मेथड्स'. रचनेचे नियम गणिती भाषेत लिहायचे, 'पत्ता कधीही कोरा होता कामा नये' अशी अट घालायची आणि घटनांचे शक्य ते सगळे क्रम संगणकाकडून तपासून घ्यायचे. लेस्ली लॅम्पोर्ट यांची 'टीएलए प्लस' ही अशीच भाषा. गंमत म्हणजे ॲमेझॉनचे इंजिनिअर ती 2011 पासून वापरतात. याच डायनॅमोडीबीच्या रचनेत तिने एक चूक पकडली होती. ती घडायला किमान 35 पायऱ्या ठरावीक क्रमाने घडाव्या लागत. नुसत्या नजरेला ती सापडणं कठीणच.

पण सूत्रांची पानं मीटिंगमध्ये वाचणार कोण? चित्र सगळ्यांना कळतं. म्हणून दोन्ही जोडणारी साधनं जास्त कामाची वाटतात. एमआयटीच्या डॅनियल जॅक्सन यांचं 'अलॉय' नियम मोडणारं उदाहरण शोधतं आणि ते चौकोन-बाणांतच काढून दाखवतं.

अर्थात, लिहिलंय तेवढंच तपासलं जातं. साफसफाईचं काम किरकोळ म्हणून चित्रातून आणि सूत्रांतूनही गाळलं, तर संगणक त्याबद्दल अवाक्षर काढणार नाही.

बिघाडानंतर ॲमेझॉनने ही स्वयंचलित यंत्रणा जगभर बंद केली. ही चूक दुरुस्त केल्यावरच ती पुन्हा सुरू करू, असं कंपनीने तेव्हा सांगितलं.